जागलीनंतरची सकाळ

'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ आहे स्वयंसेवक. स्वतःच्या मर्जीनं काम करणारा माणूस. मला हा अर्थ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कळला. तोवर हा शब्द मी शिवीसारखाच ऐकला होता. घरात आम्ही पोरं फार दांडगाई करायला लागलो की आज्जी ओरडायची, "काय रझाकारी लावलाव रे?" नांदेड-लातूरच्या बाजूला वाढलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल.

अर्थ कळला तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात अडकून बसलाय. "आम्ही आमच्या माणसांचं रक्षण करायला उभे राहिलोय" असं म्हणणारे लोक कधी राखणदार असतात आणि कधी त्यांचीच दहशत होते? आणि हा फरक वेळेत ओळखायचा कसा?

तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा प्रश्न आहे. माझ्याकडे मात्र तो २०२४ च्या पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर आला.

माझं गाव नांदेड जिल्ह्यात, लातूरच्या हद्दीजवळ. अकरावी-बारावी लातूरला केली, इंजिनिअरिंग नांदेडला, आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. त्या वर्षी पुणे जिल्ह्यापासून पार बीड-परभणीपर्यंत रात्री आकाशात ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या येत होत्या. कुणी म्हणे चोर टेहळणी करतात, कुणी म्हणे सरकारचा सर्व्हे चाललाय. आमच्याही गावात एका रात्री चिंचेच्या झाडावर लाल-हिरवा दिवा दिसला म्हणे. दुसऱ्या दिवशी ग्रुप तयार झाला. चौघं फाट्यावर, चौघं शाळेपाशी. काठ्या, बॅटऱ्या, शिट्ट्या. रात्रीची जागल सुरू झाली. पुढाकार माझ्या चुलतभावाचा. मी त्याला दादा म्हणतो.

दादाला नुसतं भित्रा किंवा भडक डोक्याचा म्हणून सोडून देता येत नाही. ड्रोनच्या आधी वर्षभरात गावातल्या दोन विहिरींवरून मोटारीची केबल कापून नेली होती. एका विधवा बाईच्या तीन शेळ्या गेल्या होत्या. सोयाबीनची पोती शेतातल्या आखाड्यावरून उचलली गेली होती. ठाणं वीस-बावीस किलोमीटरवर. केबल गेली तेव्हा पोलीस दुसऱ्या दिवशी दुपारी आले. पंचनामा झाला, चहा झाला. ठाण्यात माणसं किती आणि गावं किती, हे त्यांनीच बिचाऱ्यांनी सांगितलं. केबल काही सापडली नाही.

"तर आता आपलं आपणच बघायचं," दादा फोनवर म्हणाला. "तू सॉफ्टवेअरवाला हायेस. एक ॲप करून दे."

त्याला तीन गोष्टी हव्या होत्या. एक, बटण दाबलं की गावातले सगळे फोन एकदम वाजले पाहिजेत. दोन, रात्री दिसलेल्या अनोळखी माणसाचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो सगळ्यांना गेला पाहिजे. तीन, संशयितांची यादी. गायरानात पारध्यांची सात-आठ घरं आहेत आणि ओढ्याच्या कडेला दरवर्षी भटक्या लोकांची पालं पडतात. "त्यांची नावं आधीच टाकून ठेव. काही झालं की पहिलं तिकडं बघता येतंय."

काम अवघड नव्हतं. दोन शनिवार-रविवारचं. पण तिसऱ्या गोष्टीपाशी मी थांबलो, आणि मला आज्जीचं पेव आठवलं.

*

ते पेव समजायला थोडं मागं जावं लागेल.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आमचा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि निजामानं भारतात सामील व्हायला नकार दिला होता. लातूर तेव्हा जिल्हाही नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापाराचं गाव होतं. त्या लातुरात वकिली करणारा कासीम रझवी १९४६ मध्ये इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला. रझाकार दल त्याच्या आधीचं, १९३८ चं, पण त्याला हत्यारबंद फौजेचं रूप आलं ते रझवीच्या काळात. त्यांचीही भाषा रक्षणाचीच होती: राज्य धोक्यात आहे, कौम धोक्यात आहे, शत्रू आत शिरलाय, उभे राहा. पुढं गावंच्या गावं लुटली गेली, जाळली गेली, माणसं मारली गेली. संस्थानचे पोलीस त्यांना अडवत नव्हते. बऱ्याच ठिकाणी सोबतच असायचे.

मग दुसऱ्या बाजूनंही लोक उभे राहिले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसचे कॅम्प संस्थानच्या सरहद्दीला लागून उभे राहिले. आमच्या बाजूचा उमरखेडचा कॅम्प त्यातलाच. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीत लोक आप्पासाहेब नाईकांच्या गढीत जमून रझाकारांशी लढले. ३० जानेवारी १९४८ ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि तो पैसा लढ्यासाठी नेला. त्या लुटीबद्दल आमच्याकडं अजून एक गोष्ट अभिमानानं सांगतात. किती लुटले ते मागाहून, आधी हे सांगतात की पै न् पैचा हिशोब नंतर दिला. लहानपणी मला यात काय एवढं, असं वाटायचं. आता वाटतं, लोकांनी नेमकी महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवली.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. शाळेत आपल्याला इथपर्यंत शिकवतात. १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदन, खाऊ.

पुढचं मला लातूरच्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही. फौजा आल्यानंतरच्या दिवसांत सूड सुरू झाला. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली. तिचा अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. २०१३ च्या सुमाराला तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात वाचायला मिळू लागला. समितीचा अंदाज असा की सगळ्या संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे तिनं दिले आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूरबद्दल लिहिलंय की तिथं वीस दिवसांहून जास्त काळ हत्या चालू होत्या. दहा हजारांच्या आसपास मुसलमानांपैकी समितीला गावात जेमतेम तीन हजार सापडले. हजारावर मारले गेले होते, उरलेले पळाले होते.

यानं रझाकारांनी केलेलं धुऊन निघत नाही. पण मारला गेलेला प्रत्येक जण रझाकार नव्हता, हेही तितकंच खरं. खुद्द कासीम रझवी तुरुंगात गेला, १९५७ ला सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. किंमत मोजली ती इथं राहिलेल्या पिंजाऱ्यानं, विणकरानं, गवंड्यानं.

आता पेव. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंड लहान, पोट मोठं. आज्जी तेव्हा दहा वर्षांची होती. रझाकारांचा घोडा गावात आला की घरातल्या पोरींना वाड्यातल्या रिकाम्या पेवात उतरवायचे आणि वर कडब्याच्या पेंढ्या टाकायचे. ही गोष्ट ती हजार वेळा सांगायची. तिच्या तोंडून दुसरी गोष्ट मी एकदाच ऐकली. पोलिस ॲक्शन झाल्यावर त्याच पेवात तिच्या वडलांनी गावातल्या पिंजाऱ्याचं कुटुंब चार रात्री ठेवलं होतं. लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन विचारायला आले. ते गावातलेच होते, आणि आधीचे सहा महिने गावाची जागल त्यांनीच केली होती. पणजोबा बाजेवरून उठले नाहीत. म्हणाले, "पेव उघडून लई दिस झाले. आत विखारी हवा हाय. उतरायचं तर उतरा." कुणी उतरलं नाही.

सुंदरलाल समितीच्या अहवालातही अशा माणसांची नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना वाचवलं, आणि त्यात स्वतःचे जीवही गमावले.

मला आज्जीच्या गोष्टीत पणजोबांच्या हुशारीपेक्षा त्या काठ्यावाल्यांचं जास्त नवल वाटतं. माणसं तीच, काठ्या त्याच, रात्रीची पाळी तीच. काल ते राखणदार होते. मधल्या काळात बदललं काय?

*

माझं उत्तर साधं आहे. त्यांना सकाळी जाब विचारणारं कुणी उरलं नव्हतं. जुनं राज्य गेलं होतं, नवं अजून गावात पोचलं नव्हतं.

कुठल्याही राखणदार टोळीला, दलाला, सेनेला मी आता हाच एक प्रश्न लावून बघतो: यांनी रात्री अडवलेला माणूस सकाळी यांच्याविरुद्ध तक्रार कुठं करू शकतो? त्यांचा हेतू, झेंडा, जात-धर्म सगळं त्यानंतर.

रझाकारांविरुद्ध तक्रार करायला गेलं तर ठाण्यात रझाकारांचीच माणसं. संपलं. २००५ मध्ये आपल्या गडचिरोलीच्या पलीकडं, छत्तीसगडात नक्षलवाद्यांच्या विरोधात सलवा जुडूम उभं राहिलं. आदिवासी पोरांच्या हातात बंदुका देऊन सरकारनं त्यांना विशेष पोलीस अधिकारी केलं. ज्यांची घरं जळाली त्यांनी जायचं कुठं? ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. दूर नायजेरियात, अपहरणं आणि हल्ल्यांना कंटाळून नैऋत्येकडच्या सहा राज्यांनी जानेवारी २०२० मध्ये 'अमोतेकुन' नावाचं स्वतःचं सुरक्षा दल काढलं. केंद्रातल्या कायदामंत्र्यांनी ते बेकायदा ठरवलं, मग त्या राज्यांनी आपापल्या विधिमंडळांत कायदे केले. भांडण राज्य मोठं की केंद्र याचं होतं, पण त्यातून निदान दल कुणाला उत्तर देणार हे कागदावर आलं.

आणि आपल्या घरातली गोष्ट. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हा मेसेज कित्येक दिवस फोनोफोनी फिरत होता. लोकांनी पाचही जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊन, पालघरचं गडचिंचले. चोर आल्याच्या अफवेनं लोक रात्री जागत होते. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिघं पोलिसांच्या देखत मारले गेले.

त्या जमावांतल्या बहुतेकांना आपण गाव वाचवतोय असंच वाटत असणार. मला भीती वाटते ती याचीच. आमच्या कामात नवं काही चालू करण्याआधी एक प्रश्न विचारतात: हे फसलं तर मागं घेता येईल का? कोड मागं घेता येतो. मारलेला माणूस मागं घेता येत नाही.

राईनपाड्याचे पाचही जण भटक्या समाजाचे होते, हाही योगायोग समजू नका. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नावं रजिस्टरात घातली, हजेरी लावली. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. दादाला हवी असलेली तिसरी गोष्ट म्हणजे तेच रजिस्टर होतं, फक्त माझ्या ॲपमध्ये.

*

हे सगळं मी दादाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, आणि मग जे म्हणाला त्याला माझ्याकडं आजही पुरतं उत्तर नाही.

"तू पुण्यात झोपतोस तिथं गेटवर वॉचमन हाय, कॅमेरा हाय. आमच्याकडं काय हाय? आम्ही जागलो तर तुला इतिहास आठवायलाय."

खरं होतं. माझ्या सोसायटीत दूध टाकणाऱ्यापासून जेवण आणणाऱ्या पोरापर्यंत प्रत्येकाचा फोटो गेटवर काढला जातो. घरकाम करणाऱ्या मावशींच्या येण्या-जाण्याची वेळ माझ्या फोनवर येते. त्यांची पिशवी तपासली तर त्यांनी तक्रार कुठं करायची, हे आमच्या मीटिंगमध्ये कधी निघालेलं नाही. दादाला हव्या असलेल्या तीनपैकी अडीच गोष्टी मी दरमहा मेंटेनन्स भरून वापरतो.

म्हणून 'जागल बंद करा' असं म्हणायचा मला हक्क नव्हता, आणि तसं वाटतही नव्हतं. राखण ही गरज आहे. गावगाड्यात वेशीवर येसकर असायचा, रात्री जागल्या असायचा. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात होमगार्ड निघाले तेही अशांततेच्या काळातच. १९६७ च्या कायद्यानं पोलीस पाटील आहे, पोलिसांच्या पुढाकारानं ग्राम सुरक्षा दलं बनतात. एका फोनवर अख्ख्या गावाला सावध करणारी यंत्रणा राज्यातल्या कित्येक गावांत चालू आहे. प्रश्न जागायचं की नाही हा नव्हता.

गणपतीला गावी गेलो तेव्हा मारुतीच्या पारावर बैठक झाली. मी सांगितलं, बटण करून देतो. दाबणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसेल आणि पहिला फोन पोलीस पाटलांचा वाजेल. फोटो नाही, यादी नाही. आणि एक साधी वही ठेवायची. कुणाला अडवलं, किती वाजता, कुणी अडवलं, कधी सोडलं, आणि शेवटचा रकाना: त्याचं म्हणणं. अडवलेल्याला पोलीस पाटलांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यायची.

"म्हंजे चोराला पावती द्यायची?" दादा उसळला. पारावर हशा झाला.

माझ्या बोलण्यानं कुणाचं मत बदललं असं मला वाटत नाही. बदललं ते पोलीस पाटील बाईंच्या एका वाक्यानं. त्या कडेला बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "उद्या कुणाला मार लागला तर ठाण्यात मला बोलवतेत, तुमच्या ॲपला नाही. यादी करणार असाल तर माझं नाव काढा. वही ठेवणार असाल तर रोज सकाळी मी सही करते." वही ठरली. त्या दिवसापासून गावात तिचं नाव 'पावती'च पडलं.

वही अकरा रात्री नीट भरली गेली, मग पाऊस उघडला, सोयाबीनची काढणी आली आणि माणसं रात्री थकून झोपायला लागली. नऊ नोंदी आहेत. उशिरा आलेल्या एसटीतून उतरलेली बाई. दुधाचा टेम्पो. गाईला सुई द्यायला चाललेला डॉक्टर. चादरी विकणारे दोघं, ज्यांना रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपू दिलं. मोटरसायकलवरचं एक जोडपं, ज्यांच्या नोंदीत नावं खोडली आहेत. का ते गावाला माहीत आहे.

सातवी नोंद गायरानातल्या माणसाची आहे. रात्री दोन वाजता, शाळेपाशी अडवला, वीस मिनिटं बसवून ठेवला. बायकोचे दिवस भरले होते, तो ऑटो बघायला निघाला होता. शेवटच्या रकान्यात बारावीतल्या पोराच्या अक्षरात लिहिलंय: 'ह्याच गावचा आहे. मतदान इथंच करतो.'

सकाळी तो चिठ्ठी घेऊन पोलीस पाटलांकडं गेला. बायको आणि बाळ बरे होते. बाईंनी पाळीवरच्या चौघांना बोलावून घेतलं. दादाही गेला. चौघं म्हणाले, अंधारात ओळखू आलं नाही. तो म्हणाला, "उजेडात तरी कुठं ओळखता?" त्यावर कुणी काही बोललं नाही. बाईंनी सही केली आणि चौघांची पाळी तीन दिवस बंद केली. तीन दिवस ही काही मोठी शिक्षा नाही. पण गावच्या माणसानं गावच्या राखणदारांविरुद्ध तक्रार केली आणि त्याचं पुढं काही वाईट झालं नाही, हे आमच्याकडं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

या वर्षी पुन्हा केबल चोरीला गेली आहे, आणि जागल पुन्हा सुरू करायचं चाललंय. परवा दादाचा फोन आला. गायरानातले दोघं जागलीला यायला तयार आहेत, त्यांचा ओढ्याकडचा भाग पाठ आहे. पण गावातले चौघं त्यांच्यासोबत एका पाळीत बसायला तयार नाहीत. "ॲपमधी पाळ्या कशा लावू?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, दादा, हे ॲपमध्ये बसत नाही. हे पारावर बोलावं लागेल.

"हाव," तो म्हणाला. "तू कधी येतूस?"

बैठक येत्या रविवारी आहे. मी तिकीट काढलंय.